पासवर्ड बदलला होता, तरी डीव्हीआर गेला: कमांड इंजेक्शन ओळखायचं कसं, आवरायचं कसं

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू झाली की आडतीवर कुणाला फुरसत नसते. अशाच एका ऑक्टोबरात एका आडत दुकानातून फोन आला. "नेट चालंना, कॅमेरे घडीघडी बंद पडायलेत, या बरं लवकर." गेलो तर डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत होता आणि नेटचा अपलोड काठोकाठ भरलेला. मी सवयीनं पहिला प्रश्न विचारला, पासवर्ड कुणाला सांगितला होता का? मालक म्हणाले, "कुणाला सांगणार? तुम्हीच दिलता बदलून, बारा अक्षरांचा. आम्हालाच ध्यानात राहत नाही."

खरं होतं. पासवर्ड होता तसाच होता. आत शिरणाऱ्यानं त्याला हातच लावला नव्हता. मालकांना घरून मोबाईलवर दुकान दिसावं म्हणून राउटरमध्ये डीव्हीआरचा पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं नंबरचं दार, बाहेर उघडून ठेवलेला होता, आणि त्या डीव्हीआरच्या वेबपानात कमांड इंजेक्शनची खोट होती. अशी खोट असेल तर कुलूप कितीही मोठं असो, बिजागऱ्याच निखळलेल्या असतात.

औसा, उदगीर, अंबाजोगाई, सेलू, वसमत अशा गावांत आयटीआय किंवा डिप्लोमा करून कॅमेरे आणि राउटर बसवायच्या कामात नव्यानं उतरलेल्यांसाठी हे लिहितोय. स्वतःचं दुकान, वसतिगृह किंवा अभ्यासिका सांभाळणाऱ्यांनाही उपयोग होईल. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: उपकरणाचं वेबपान कुणाकुणापर्यंत पोचतं, हे पासवर्डच्या आधी तपासा.

मुनिमाची चिठ्ठी

खोट नेमकी काय आहे ते नीट समजलं, तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. म्हणून इथं थोडा वेळ घालवू.

समजा मुनिमानं हमालासाठी चिठ्ठी तयार ठेवली आहे: "ही पोती दुकान नंबर ____ ला पोच कर." नंबर गिऱ्हाईकानं भरायचा. एखाद्यानं तिथं लिहिलं, "१२ ला पोच कर, आणि येताना गल्ल्याची किल्ली मला आणून दे." हमाल चिठ्ठी सरळ वाचतो. त्यातलं कोणतं वाक्य मुनिमाचं आणि कोणतं गिऱ्हाईकाचं, हे त्याला कळायला मार्ग नाही. आख्खी चिठ्ठी मालकाचाच हुकूम समजून तो किल्ली आणून देतो.

कॅमेरा, डीव्हीआर, राउटर यांच्या पोटात बहुतेक वेळा छोटं लिनक्स असतं. त्याच्या वेबपानावर "पिंग करून पाहा" अशी एक चौकट असते, तिथं आपण पत्ता लिहितो. आतला प्रोग्राम "पिंग" या शब्दापुढे तो पत्ता चिकटवतो आणि तयार झालेली ओळ शेलच्या हातात देतो. शेल म्हणजे लिहिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आपला हमाल. शेलच्या भाषेत अर्धविराम म्हणजे "एक काम संपलं, आता पुढचं". उभी रेघ, अँड, डॉलरपुढचा कंस आणि उलटं अवतरणचिन्ह यांनाही असाच खास अर्थ असतो. पत्त्यापुढे अर्धविराम देऊन कुणी दुसरी कमांड लिहिली आणि प्रोग्रामनं ती न तपासता पुढे ढकलली, तर शेल दोन्ही कामं करतो. हेच कमांड इंजेक्शन. अशा स्वस्त उपकरणांत वेबचा प्रोग्राम बहुधा रूट म्हणूनच चालतो, म्हणजे या हमालाकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात.

चौकट पिंगचीच असते असं नाही. घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हरचं नाव, डायनॅमिक डीएनएसचं नाव, वायफायचं नाव, भाषा, देश, यातली कोणतीही असू शकते. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ या राउटरमध्ये देश निवडायच्या जागेतच ही खोट निघाली. तिचा नंबर सीव्हीई-२०२३-१३८९ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या खोटींना मिळणारा जगभरचा नंबर). कंपनीनं मार्च २०२३ मध्ये दुरुस्त फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं आणि एप्रिलमध्ये मिराई जातीचा बॉटनेट, म्हणजे ताब्यात घेतलेल्या उपकरणांची फौज, याच खोटीतून राउटरांत शिरताना दिसला. दुरुस्ती निघाल्यावर आपल्या हाती किती कमी दिवस असतात, हे यावरून समजून घ्या.

आता पासवर्डचं. काही खोटी लॉगिनच्या आतल्या पानावर असतात, तिथं पासवर्ड थोडा आडवा येतो. पण काही लॉगिनच्या अलीकडेच असतात. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२१-३६२६० या जातीची होती. कॅमेऱ्याचं वेबपान गाठता आलं की झालं, वापरकर्त्याचं नावही लागत नव्हतं. तिची तीव्रता १० पैकी ९.८ धरली गेली. २०१८ मध्ये दासन कंपनीच्या जीपॉन फायबर राउटरांत तर दोन खोटी एकमेकींना जोडून आल्या होत्या. पत्त्याच्या पट्टीत एक ठरावीक तुकडा जोडला की लॉगिन ओलांडलं जायचं, आणि आत पिंगच्या चौकटीत कमांड चालायची. म्हणून सुरक्षेची सूचना वाचताना आधी शोधायचं ते हेच, की हल्ल्यासाठी लॉगिन लागतं का. "लागत नाही" असं असेल तर त्या दिवशी बाकीची कामं मागं टाका.

पहिली पायरी: काय काय जोडलंय ते लिहून काढा

वही घ्या आणि राउटरपासून प्रत्येक वायर धरून चालत जा. डीव्हीआर, आयपी कॅमेरे, वायफाय रिपीटर, हजेरीचं बोटाचं यंत्र, नेटवर्कचा प्रिंटर, सोलर इन्व्हर्टरची वायफाय काडी, सगळं. त्यानंतर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून वहीशी जुळवा. मला बहुतेक ठिकाणी एक तरी वस्तू अशी सापडते की ती कुणी, कधी बसवली हे कुणालाच आठवत नाही.

प्रत्येकाचं मॉडेल, हार्डवेअरची आवृत्ती आणि फर्मवेअरची आवृत्ती लिहा. हार्डवेअरची आवृत्ती खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत असते, मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचा. ती चुकली की फर्मवेअर चुकतं, आणि चुकीचं फर्मवेअर चढवलं की उपकरण कायमचं बंद पडू शकतं.

दुसरी पायरी: बाहेरून कोण पोचतं

पूर्ण कामातली ही सगळ्यांत मोलाची पायरी, घाई करू नका.

राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. स्थितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा, म्हणजे वॅनचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर नेट देणाऱ्यानं तुम्हाला अनेक गिऱ्हाइकांमध्ये वाटलेल्या पत्त्यामागे ठेवलंय आणि बाहेरचा माणूस त्या वाटेनं सरळ तुमच्या दारात येऊ शकत नाही. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आता पुष्कळ जोडण्यांवर आयपीव्ही६ सुद्धा असतं आणि त्यात प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा पत्ता मिळू शकतो. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना, ते बघाच.

मग पोर्ट फॉरवर्डिंगची यादी उघडा. काही राउटरांत तिला व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. ८०, ४४३, ८०८०, ५५४, २३, ३७७७७, ८००० असे पोर्ट डीव्हीआरच्या पत्त्याकडे वळवलेले दिसले, तर दार उघडं आहे. "डीएमझेड" चालू असेल तर भिंतच नाही म्हणा. यूपीएनपीची यादी वेगळी असते, तीही पाहा, कारण यूपीएनपी चालू असलं की उपकरण तुम्हाला न विचारता राउटरकडून स्वतःसाठी दार उघडून घेतं. मोंढ्यातल्या त्या दुकानात मी एक पोर्ट शोधत होतो, यूपीएनपीच्या यादीत आणखी तीन निघाले.

खातरजमा म्हणून मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावरून वॅनचा आयपी ब्राउझरमध्ये टाका, यादीत दिसलेला पोर्ट पुढे लावून. डीव्हीआरचं लॉगिन पान दिसलं तर जगालाही ते दिसतंय.

लातूर-नांदेडकडच्या वसतिगृहांसाठी आणि अभ्यासिकांसाठी एक जास्तीची गोष्ट. साठ पोरं ज्या वायफायवर आहेत त्याच वायफायवर डीव्हीआर असेल, तर "बाहेरचा" माणूस आतच बसलेला आहे. पोरांवर संशय नाही माझा. पण त्यांच्यापैकी एकाच्या लॅपटॉपमध्ये काही शिरलेलं असेल, तर त्याला डीव्हीआरपर्यंत जायला एक भिंतही ओलांडावी लागत नाही. पोरांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करा आणि त्यात "आतल्या उपकरणांना पोच नाही" हा पर्याय लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी पायरी: आधीच कुणी शिरलंय का

अपलोड सतत भरलेला, उपकरण आपोआप बंद-चालू होणं, रात्री दुकान बंद असतानाही राउटरचे दिवे धडधडणं, यादीत अनोळखी वापरकर्ता, राउटरमधला डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्या सेवेचा) पत्ता बदललेला, नेट देणाऱ्याकडून "तुमच्या जोडणीवरून हल्ला होतोय" असा निरोप. यातलं एखादं दिसलं म्हणजे खात्री झाली असं नाही, पण दोन-तीन एकत्र दिसली तर शिरकाव झालाय असंच धरून चाला.

अशा उपकरणांना कशाला वापरतात, असं मालक हमखास विचारतात. "आमच्या आडतीत काय ठेवलंय पाहण्यासारखं?" त्यांना तुमची आडत बघायचीच नसते. हजारो कॅमेरे आणि राउटर एकाच वेळी एका ठिकाणावर तुटून पाडायचे असतात. २१ ऑक्टोबर २०१६ ला मिराईनं याच पद्धतीनं डाइन (Dyn) या डीएनएस सेवेवर हल्ला केला आणि अमेरिका-युरोपात मोठमोठ्या वेबसाइट काही तास उघडेनात. मूळ मिराई ठरलेल्या पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी घेऊन शिरायचा. त्याच्या पुढच्या पिढ्यांनी कमांड इंजेक्शनची वाट धरली, म्हणून पासवर्ड बदलूनही सुटका झाली नाही.

चौथी पायरी: आवरणं, आणि याच क्रमानं

आधी राउटरमध्ये येणारी नेटची वायर काढा. उपकरणाची वीज मात्र लगेच बंद करू नका. मिराई जातीचं बरंचसं काम केवळ मेमरीत राहतं, वीज गेली की ते पुसलं जातं आणि त्याच्यासोबत पुरावाही. घरी किंवा लहान दुकानात त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. पण पतसंस्था, दवाखाना, कारखाना असेल तर वीज चालू ठेवा, फक्त नेट तोडा, आणि आधी लॉगची पानं, वापरकर्त्यांची यादी, पोर्टची यादी यांचे फोटो काढा. उपकरणाचं घड्याळ किती पुढे-मागे आहे तेही लिहून ठेवा, नंतर लॉगमधल्या वेळा जुळवताना ते लागतं.

डीव्हीआरमध्ये चोरीचं किंवा भांडणाचं चित्रण पडलेलं असेल तर रीसेटच्या आधी ते पेनड्राइव्हवर घ्या.

पोर्ट फॉरवर्डिंग, डीएमझेड, यूपीएनपी, टेलनेट आणि बाहेरून राउटर चालवायची सोय, हे सगळं बंद करा. नेट अजून जोडायचं नाही. पुष्कळ जण इथंच चुकतात: वीज बंद-चालू करतात, सगळं सुरळीत दिसतं, नेट जोडतात आणि काही मिनिटांत उपकरण पुन्हा गेलेलं असतं, कारण खोट जागेवरच असते आणि शोधणारे प्रोग्राम अखंड फिरत असतात.

आता लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडून कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून फर्मवेअर उतरवा. कुठल्या टेलिग्राम ग्रुपवरून, कुणाच्या ड्राइव्हवरून नको. तिथं चेकसम, म्हणजे फाईल जशीच्या तशी आली का ते ताडायचा आकडा, दिलेला असेल तर जुळवून पाहा. हॉटस्पॉट तोडा, लॅपटॉप उपकरणाला वायरनं जोडा आणि फर्मवेअर चढवा. वायफायवरून चढवू नका.

आणि आपल्या भागासाठी खास सांगणं: चढवायच्या आधी उपकरण इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या. लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि फर्मवेअर अर्धं लिहिलं गेलेलं असताना लाईट गेली तर हातात नुसती विटेसारखी पेटी उरते. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात माझ्या हातून एक राउटर असाच गेला आणि त्याचे पैसे मी भरून दिले. तेव्हापासून बॅगेत छोटा यूपीएस असतो.

फर्मवेअर चढल्यावर फॅक्टरी रीसेट. दोन्ही लागतात. रीसेटनं खोट जात नाही, तिच्यासाठी फर्मवेअर लागतं, आणि फर्मवेअरनं शिरणाऱ्यानं तयार केलेला वापरकर्ता जातोच असं नाही. रीसेटनंतर जुना सेटिंगचा बॅकअप परत घालू नका, त्यात त्याच्याही सेटिंग असू शकतात. सगळं हातानं भरा, नवा पासवर्ड द्या, मगच नेट जोडा. दुसऱ्या दिवशी अपलोड पुन्हा बघा.

फर्मवेअरच मिळत नसेल तर

ही अडचण फार वेळा येते. बाजारातल्या कित्येक डीव्हीआरवर स्टिकर एकाचं असतं आणि आतला बोर्ड दुसऱ्याच कंपनीचा. वेबसाइट नाही, फर्मवेअर नाही. काही वेळा मोठी कंपनीसुद्धा जुन्या मॉडेलचा हात सोडते. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या जुन्या नेटवर्क स्टोरेज पेट्यांत कमांड इंजेक्शन सापडलं, सीव्हीई-२०२४-३२७३. कंपनीनं सांगितलं की या मॉडेलांची मुदत संपली आहे, दुरुस्ती मिळणार नाही, पेट्या बदला.

माझं मत स्पष्ट आहे: ज्याला फर्मवेअर येत नाही, त्याची खोट कधीच दुरुस्त होणार नाही असं धरून त्याला कायम आतल्या खोलीत ठेवा. राउटरमध्ये त्या उपकरणाला नेटची बंदी घाला, शक्य असेल तर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच वायरींवरच्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये, टाका. चित्रण दुकानातल्या टीव्हीवर दिसत राहील. घरून बघायचंच असेल तर राउटरवर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन लावा, म्हणजे मालकांचा मोबाईल आधी व्हीपीएनमधून आत येतो आणि मग डीव्हीआर बघतो. बाहेरच्या जगाला डीव्हीआर दिसतच नाही. क्यूआर कोडवाली क्लाउडची सोय उघड्या पोर्टपेक्षा बरी, कारण तिला पोर्ट उघडावा लागत नाही. पण त्यात सगळा भरवसा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. अनोळखी स्टिकरच्या पेटीवर तेवढा भरवसा मी ठेवत नाही.

नवीन कॅमेरे घेणार असाल तर एक विचारून घ्या. केंद्र सरकारनं सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या किमान अटी एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचित केल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. मॉडेल त्या चाचणीतून गेलंय का, याचा कागद दुकानदाराकडे मागा. गोदामातला जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका.

कळवायचं कुणाला

देशपातळीवर हे काम सर्ट-इन ही सरकारी संस्था बघते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा देणारे आणि सरकारी कार्यालयांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. कळवायच्या घटनांच्या यादीत नेटला जोडलेल्या उपकरणांवरचे हल्लेही आहेत. लॉग १८० दिवस ठेवायचे, हेही त्यातच आहे. पतसंस्थेचं किंवा कारखान्याचं काम घेत असाल तर मालकांना हे आधीच सांगून ठेवा. सर्ट-इनचा टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. पैशाला हात लागला असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. संगणकासाठी आणि मोबाईलसाठी सफाईची फुकट साधनं सर्ट-इनच्याच सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर आहेत.

तपासायचं, पण स्वतःचंच

शिकताना हात शिवशिवतात, ते मी समजू शकतो. स्वतः विकत घेतलेला जुना राउटर टेबलावर ठेवा, नेटला न जोडता. पिंगच्या चौकटीत पत्त्यापुढे अर्धविराम देऊन दहा सेकंद थांबायची कमांड लिहून पाहा. पान दहा सेकंद उशिरा आलं तर खोट असावी, दोन-तीनदा वेगवेगळे सेकंद देऊन ताडून बघा. पण शेजारच्या दुकानाच्या, कॉलेजच्या, ग्रामपंचायतीच्या उपकरणावर हे करायचं नाही, "मदत म्हणून" सुद्धा नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या उपकरणात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली येतं, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गिऱ्हाइकाच्या उपकरणाची तपासणी करायची तर कागदावर सही घ्या. ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी घ्या.

खरोखर नवी खोट सापडली तर आधी कंपनीला कळवा आणि सर्ट-इनलाही. सर्ट-इन स्वतः सीव्हीई नंबर देऊ शकते. दुरुस्ती निघेपर्यंत व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकू नका. त्यानं नाव होईल, पण ते पाहून कुणाकुणाच्या दुकानात लोक शिरतील.

जे स्वतः उपकरणं बनवतात त्यांच्यासाठी

संभाजीनगर-नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं ठिबकचे कंट्रोलर, विहिरीच्या मोटारीचे स्टार्टर बनवतात आणि त्याला वेबपान लावतात. त्यांनी एवढं करावं. सी मध्ये "सिस्टिम" आणि "पीओपन" ला वापरकर्त्यानं लिहिलेलं काहीही चिकटवून देऊ नका, "एक्झेकव्हीई" ला प्रत्येक भाग सुटा द्या. पायथनच्या "सबप्रोसेस" ला आख्खी ओळ न देता यादी द्या आणि शेलचा पर्याय बंदच ठेवा. म्हणजे मधला हमालच नाहीसा होतो, अर्धविरामाला अर्थ उरत नाही. वाईट चिन्हं गाळत बसू नका, एखादं सुटतंच. उलट काय चालेल ते ठरवा: आयपीच्या चौकटीत आकडे आणि टिंबं, बाकी सगळं नाकारा. नावाच्या चौकटीत पहिलंच चिन्ह आडवी रेघ असेल तर तेही नाकारा, नाहीतर कमांड त्याला स्वतःचा पर्याय समजते. ही तपासणी ब्राउझरमध्ये करून उपयोग नाही, ती उपकरणाच्या आतच व्हायला हवी. आणि वेबचा प्रोग्राम रूट म्हणून चालवू नका.

मोटार पाण्याविना चालत राहिली तर जळते. अशा स्टार्टरचं वेबपान उघड्या पोर्टवर ठेवणं म्हणजे शेतकऱ्याचा हंगाम अनोळखी माणसाच्या हाती देणं. त्याला व्हीपीएनच्या आतच ठेवा.

आता मी प्रत्येक ठिकाणी डीव्हीआरच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवतो: मॉडेल, हार्डवेअरची आवृत्ती, फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख, उघडे पोर्ट "एकही नाही", शेवटची तपासणी कुणी केली. मोंढ्यातल्या त्या दुकानात दर तीन महिन्यांनी जातो, आधी पोर्टची यादी उघडतो, मग अपलोड बघतो, मग कागदावर तारीख टाकतो. मालक चहा सांगतात आणि विचारतात, "कुणी आलं नाही ना आत?"